बाहेर जा आणि आत या

गेली चोवीस वर्षं मी बँकेत कारकून आहे. कारकुनाच्या हातात काही सत्ता नसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी नोव्हेंबर महिन्यात आमच्या अंबडच्या शाखेत एक चक्कर मारावी. एरवी ज्या माणसाला घरात 'तो टॉवेल पलंगावर टाकू नका' हे रोज ऐकावं लागतं, तोच माणूस नोव्हेंबरात काउंटरच्या आत बसून दीडदोनशे लोक जिवंत आहेत की नाहीत ते ठरवत असतो. यालाच हयातीचा दाखला म्हणतात. पेन्शनर मंडळी येतात, यादीत आपल्या नावापुढे सही करतात आणि पुढच्या एका वर्षापुरते सरकारदरबारी जिवंत होतात. माझी कॉमर्सची पदवी एवढ्या अधिकाराला पुरते, हे मला स्वतःलाही नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं.

आमचे दाजी या कामाला दरवर्षी पहिल्या दिवशी हजर. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात पासबुकाची पिशवी. काउंटरवर आले की विचारायचे,

"काय साहेब, आहे का मी?"

"सही जुळली तर आहात," मी म्हणायचो.

"अरे, काल रात्री तुझ्याच घरी जेवायला होतो की! दोन भाकरी खाल्ल्या!"

"ते मेहुणा म्हणून माहीत आहे, दाजी. बँकेला माहीत नाही."

मग दाजी सही करायचे आणि रांगेतल्या लोकांकडे वळून सांगायचे, "झालं बुवा नूतनीकरण! आता वर्षभर मरायला मोकळीक नाही!"

हे पाल्हाळ लावायचं कारण असं की, नूतनीकरण या शब्दावर मी हसायचो ते २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत. त्यानंतर त्या शब्दाशी माझं भांडण आहे, आणि हा लेख म्हणजे ते भांडण आहे. भांडण अमेरिकेसारख्या बलाढ्य देशाशी आहे आणि भांडणारा अंबडचा बँक कारकून आहे, हे मला कळतं. पण काउंटरच्या आत चोवीस वर्षं बसलेल्या माणसाला दुसऱ्या काउंटरची लबाडी लगेच ओळखू येते, एवढा अधिकार मला आहे.

दाजींचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, टेक्सासात असतो. २०१५ साली शिकायला गेला. शैक्षणिक कर्ज आमच्याच शाखेचं. त्याचे हप्ते मी माझ्या हाताने जमा केलेत, आणि खातं बंद झालं त्या दिवशी पेढेही खाल्लेत. २०१८ पासून तो एच-वन-बी नावाच्या परवान्यावर तिथं नोकरी करतो. आता या परवान्याची गंमत नीट समजून घ्या, कारण ती समजायला मला सात वर्षं आणि भाच्याचे अकरा फोन लागले.

कागद दोन असतात. एक कागद म्हणतो, तुम्ही इथं राहा, काम करा. त्याची मुदत संपत आली की कंपनी अर्ज करते, सरकार शुल्क घेतं आणि मुदतवाढीचा कागद येतो. त्यासाठी खुर्चीवरून उठावं लागत नाही. भाच्याला २०२४ साली असाच २०२७ पर्यंतचा कागद मिळाला. दुसरा कागद म्हणजे पासपोर्टावर चिकटवलेला व्हिसा. आमच्याकडे त्याला सगळे 'शिक्का' म्हणतात. तो म्हणतो, तुम्ही बाहेरून आत या. आणि हा दुसरा कागद नवा करायचा असेल तर तो अमेरिकेत मिळत नाही. त्यासाठी अमेरिकेतून बाहेर पडायचं, अमेरिकेच्या वकिलातीत जायचं, आणि ज्या घरात आपण राहतो, भाडं भरतो, कर भरतो, त्या घरी परत जाऊ का असं विचारायचं.

म्हणजे असं बघा. तुम्ही वाड्यात भाड्याने राहता. भाडेचिठ्ठी २०२७ पर्यंतची आहे. मालकाचा तुमच्यावर काही राग नाही. तुम्ही माजघरात बसून राहिलात तर वाडा तुमचा. पण दुधाची पिशवी आणायला दिंडी दरवाजाच्या बाहेर पाय टाकलात की तुम्ही परके. मग मालकाचा दिवाणजी परगावी बसलेला असतो, त्याच्याकडे जायचं, त्याची तारीख घ्यायची आणि तो म्हणेल तेव्हा घरी यायचं. दूध तोवर नासलेलं.

भाच्याचा शिक्का डिसेंबर २०२१ चा. लग्नाला आला होता तेव्हा करून घेतलेला. तीन वर्षांनी संपला. त्याचं लेकरू २०२३ साली तिकडंच जन्मलं, त्यामुळे ते जन्मानेच अमेरिकेचं नागरिक. घरात ज्याला अजून स्वतःची चड्डी नीट घालता येत नाही तो एकटाच जगात कुठंही जाऊन बिनधास्त परत येऊ शकतो, आणि त्याच्या दुधाचे पैसे मिळवणारा बाप दाराशी अडतो. याला काय म्हणावं ते मला सुचत नाही. आक्काला सुचलं. ती म्हणाली, "मग नातवालाच सांगा, बापाला घेऊन ये म्हणावं."

तुम्ही म्हणाल, प्रत्येक देशाला आपल्या दारात कोण येतं ते बघायचा हक्क आहे. आमचे हेडकॅशियरही तेच म्हणतात. मलाही ते मान्य आहे. बँकेच्या तिजोरीत कुणी उठून जावं असं मीही म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, बघायचं तर तो माणूस राहतो तिथं बघा. आणि हे काही मी अंबडात बसून काढलेलं खूळ नाही. खुद्द अमेरिकाच हे करत होती. २००४ सालच्या जुलैपर्यंत नोकरीवाल्यांचे शिक्के अमेरिकेतल्या अमेरिकेत, टपालाने नवे होत होते. मग बोटांचे ठसे सक्तीचे झाले, ठसे टपालाने पाठवता येत नाहीत, म्हणून ती सोय बंद झाली. ठीक आहे. पण तेव्हापासून आजवर या मंडळींच्या बोटांचे ठसे त्यांच्या दप्तरी जमा आहेत. माणसाची बोटं दर तीन वर्षांनी बदलतात असं मी अजून वाचलेलं नाही.

त्यांनाही ते पटलं. २०२४ साली २९ जानेवारी ते २६ फेब्रुवारी असा एक महिना त्यांनी प्रयोग केला. वीस हजार अर्जांपर्यंत मर्यादा, ठसे आधी दिलेले असले पाहिजेत, आणि शिक्का अमेरिकेतच नवा. भारतात मिळालेल्या शिक्क्यांपैकी १ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर २०२१ या काळातलेच त्यात बसत होते. भाच्याचा डिसेंबरचा. जेमतेम दोन महिन्यांनी हुकला. आमच्या बँकेत प्रमोशनच्या परीक्षेत माझं नेहमी असंच होतं, त्यामुळे ही खोड आजोळकडून गेली असावी. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की, त्या महिन्यात अमेरिका बुडाली नाही. तरीही त्या प्रयोगाची कायमची सोय झाली नाही. होत नाही म्हणून नाही ते वेगळं, आणि होतं हे दाखवून झाल्यावर नाही ते वेगळं. काउंटरच्या भाषेत पहिल्याला अडचण म्हणतात आणि दुसऱ्याला अडवणूक.

आता याच्यातली खरी मेख सांगतो. कायद्यात एक सवलत आहे. शिक्का संपलेला असला तरी, राहण्याचा कागद जिवंत असेल तर माणूस कॅनडात किंवा मेक्सिकोत तीस दिवसांच्या आत फिरून परत अमेरिकेत येऊ शकतो. संपलेल्या शिक्क्यावर! नायगाराचा धबधबा पलीकडच्या बाजूने बघून या, मेक्सिकोच्या समुद्रात डुंबून या, कुणी काही विचारणार नाही. मात्र तिथं गेल्यावर 'जरा शिक्काही करून घेतो' असं म्हणून अर्ज केलात की ही सवलत गेली. नुसतं हुंदडायला गेलात तर तुम्ही विश्वासू, आणि नियमाप्रमाणे कागद करायला गेलात तर संशयित.

धबधबा बघायला जाता येतं. बापाला बघायला जाता येत नाही.

पूर्वी यातूनही लोक वाट काढायचे. टेक्सासची मंडळी सीमेपलीकडे सिउदाद हुआरेझसारख्या मेक्सिकोतल्या गावी तारीख घेऊन जायची आणि शिक्का मारून यायची. नाकारला तर तिथून थेट भारतात, सामान टेक्सासात. तरी लोक जायचे, कारण दोनतीन दिवसांची रजा पुरायची. ६ सप्टेंबर २०२५ रोजी तीही वाट बंद झाली. आपापल्या देशातच, किंवा जिथं कायदेशीर वास्तव्य आहे तिथं, अर्ज करा असा हुकूम निघाला. भाच्याचं वास्तव्य अमेरिकेत, आणि अमेरिकेत शिक्का मिळत नाही. म्हणजे उरला देश. त्याच्या चारच दिवस आधी, २ सप्टेंबरपासून, बहुतेकांची मुलाखतीची माफीही रद्द झालेली. पूर्वी नुसती कागदांची पेटी टाकली की काम व्हायचं. आता पुन्हा समक्ष मुलाखत. म्हणजे पुन्हा तारीख, आणि तारखा मिळत नाहीत.

आणि १२ सप्टेंबरला दाजी गेले.

सकाळी चहा पिऊन ओट्यावर पेपर वाचत बसले होते, तिथंच मान कलली. अंत्यविधीला टेक्सासहून पोचणं शक्यच नव्हतं, ते कुणी मनातही आणलं नाही. अग्नी पुतण्याने दिला, क्रियेला तोच बसला. पण दहाव्याला, निदान तेराव्याला लेकरू यावं असं आक्काच्या मनात होतं. लेकराच्याही होतं. त्याने चार दिवस मुलाखतीच्या तारखा शोधल्या. कंपनीच्या वकिलाचं उत्तर यायला दोन दिवस. शेवटी तो म्हणाला, "मामा, मी निघतो. तारखेचं तिकडं आल्यावर बघू." २० सप्टेंबरचं तिकीट काढलं.

१९ सप्टेंबरला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी घोषणापत्र काढलं. एच-वन-बीच्या अर्जाला एक लाख डॉलर शुल्क. आपले झाले अठ्ठ्याऐंशी लाखांच्या आसपास. अंमल २१ तारखेच्या मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या मिनिटापासून. आधीच नोकरीवर असलेल्यांनाही लागू की फक्त नव्यांना, कुणाला कळेना. मोठमोठ्या कंपन्यांनी माणसांना निरोप धाडले की, बाहेर असाल तर मुदतीच्या आत परत या, आत असाल तर हलू नका. विमानात बसलेली माणसं खाली उतरली. भाच्याला त्याच्या वकिलाचा दोन ओळींचा निरोप आला. त्याने तिकीट रद्द केलं. दुसऱ्या दिवशी सरकारचा खुलासा आला की, हे शुल्क नव्या अर्जांनाच आहे, असलेल्यांना नाही. खुलासे हे नेहमी तिकीट रद्द झाल्यावरच येतात. आमच्या हेड ऑफिसची परिपत्रकंही तशीच असतात, फक्त त्यांच्यामुळे कुणाचा दहावा चुकत नाही.

दहावा २१ तारखेला, रविवारी. पंचांगात पाहिलं तर सर्वपित्री अमावास्या. घोषणापत्राचा अंमल सुरू झाला ती वेळ आपल्या घड्याळात सकाळी नऊ वाजून एकतीस मिनिटांची. त्या वेळी आम्ही शहागडला गोदावरीच्या काठी होतो. त्या वर्षासारखा पाऊस मराठवाड्याने फार वर्षांत पाहिला नव्हता, नदी तुडुंब वाहत होती. पुतण्याने पिंड मांडले. मी हातात फोन धरून उभा. फोनमध्ये भाचा. टेक्सासात शनिवारची रात्र अकराची.

आता मी काही फार कर्मकांडवाला माणूस नाही. पण पिंडाला कावळा शिवेपर्यंत आपल्याकडे कुणी घाटावरून हलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. कावळे होते. बाभळीवर चांगले सातआठ बसले होते. एकही खाली येईना. मग सुरू झाली ती आश्वासनं. पुतण्या म्हणाला, "काका, काकूला आम्ही अंतर देणार नाही." कावळा गप्प. दाजींचे भाऊ म्हणाले, "बागेकडं मी बघतो." २०१२-१३ च्या दुष्काळात दाजींची मोसंबीची बाग जळाली होती, ती त्यांनी पुन्हा लावली होती. जीव होता तिच्यावर. कावळ्याने नुसती मान वाकडी केली. कुणीतरी म्हणालं, "मुलगा येतो म्हणून सांगा, त्याच्यातच जीव अडकलाय." मी फोन पिंडाजवळ नेला. भाचा म्हणाला, "अण्णा, मी येतो. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ द्या. पुढच्या विमानाने येतो."

कावळा एक फांदी वर सरकला.

अर्धा तास गेला. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी पुढे झालो आणि म्हणालो, "दाजी, तो येत नाही. त्याला आम्हीच येऊ देत नाही. त्याची नोकरी, बायको, लेकरू तिकडं सुखरूप आहे. तुम्ही निश्चिंत जा."

कावळा खाली आला आणि शिवला.

दाजी आयुष्यभर हिशेबी. पोराची नोकरी घालवून दहावा करून घेणारा तो माणूसच नव्हता. बाकीचे 'शिवला, शिवला' म्हणून हात जोडत होते. फोनमधून काही आवाज येईना. रेंज गेली असं मी सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात मी बँकेत गेलो तर हेडकॅशियर म्हणाले, "वाईट झालं. पण खरं सांगू का? कुणी सांगितलं होतं अमेरिकेत जायला? इथं काय पोट भरत नव्हतं?" हा युक्तिवाद मी आजवर पुष्कळ ठिकाणी ऐकला, म्हणून त्याचं उत्तर इथं देऊन ठेवतो. हेडकॅशियर स्वतः परभणीचे. नोकरीसाठी अंबडला आले. त्यांना दर तीन वर्षांनी परभणीच्या शाखेत जाऊन 'मी अंबडला परत जाऊ का' असं विचारावं लागलं असतं तर त्यांनी युनियनमार्फत मोर्चा काढला असता, आणि झेंडा मी धरला असता. माणूस पोटासाठी कुठं जातो हा त्याचा प्रश्न आहे. तो गेला, त्याला तुम्ही बोलावून घेतलं, त्याच्या कामावर तुमच्या कंपन्या चालल्या, त्याच्या पगारातून कर कापला. त्यानंतर त्याला बापाच्या दहाव्याला जाऊन परत कामावर येता येईल की नाही, हा मेहरबानीचा विषय उरत नाही.

दुसरा युक्तिवाद असा की, मग तिथलं कायमचं कार्ड का घेत नाही? घेतो की! रांगेत उभा आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला जितकी कार्डं निघतात त्यात एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाहीत. भारत केवढा, सात टक्के केवढे! २०१३ साली रांगेत लागलेल्यांचा नंबर २०२५ साली लागत होता. तोवर काय, तर नूतनीकरण.

याच्यावरून मला निजामाची आठवण होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचं अंबड त्यांच्या मुलखात. त्या राज्यात सरकारी नोकरी मुलकी माणसालाच. बाहेरून आलेल्याला मुलकी व्हायचं असेल तर पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवायचं आणि 'गावी परत जाण्याचा विचार सोडला आहे' असं मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करायचं. निजामाची स्तुती करायची वेळ यावी एवढं माझं वय झालेलं नाही. पण त्या कारभारात निदान शेवट तरी ठरलेला होता. अमेरिका तसलं प्रतिज्ञापत्र मागत नाही. ती फक्त व्यवस्थाच अशी करते की, गावी जाण्याचा विचार माणसाने आपणहून सोडावा.

ज्यांनी तो सोडला नाही त्यांचं काय झालं तेही सांगतो. डिसेंबर २०२५ मध्ये तारखा हातात घेऊन, लग्नं-मुंजी, आजारी आईबाप असं करत पुष्कळ मंडळी भारतात आली. १५ डिसेंबरपासून अर्जदारांची समाजमाध्यमं तपासण्याचा नियम लागू झाला आणि त्यांच्या तारखा एकाएकी पुढे गेल्या. कुणाची मार्च २०२६, कुणाची आणखी पुढे. जुन्या तारखेला आलात तर आत घेणार नाही, असंही कळवलं गेलं. माणसं इकडं, घरं तिकडं, पोरांच्या शाळा तिकडं, आणि घरांचे हप्ते मात्र ठरलेल्या तारखेला. त्यांच्या तारखा कुणी पुढे ढकलल्या नाहीत. ही बातमी वाचून आक्का म्हणाली, "बरं झालं बाई, माझं लेकरू आलं नाही." आईच्या तोंडून हे वाक्य काढून घेणाऱ्या नियमाविषयी आणखी काय लिहायचं?

आता थोडं आमच्या बाजूचं. कारकून म्हणून मी धुतल्या तांदळासारखा आहे असा माझा दावा नाही. सही जुळत नाही म्हणून मी एका म्हातारीला तीन वेळा परत पाठवलेलं आहे. तिचा हात थरथरत होता हे मला दिसत होतं, पण नमुन्याची सही थरथरत नव्हती. तेव्हा मी नियमाच्या आड बसलो होतो. ती जागा फार उबदार असते. पण आमच्यासारख्या कोडग्यांनाही सरकारने आणि रिझर्व्ह बँकेने ताळ्यावर आणलं. केवायसीचं नूतनीकरण आम्हालाही करावं लागतं. साध्या खात्याचं दहा वर्षांनी, जोखमीच्या खात्याचं दोन वर्षांनी. जनधन खात्यांना दहा वर्षं झाली तेव्हा लाखो लोकांनी बँकेत यावं म्हणून आम्ही बसून राहिलो नाही. १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात बँकांनी ग्रामपंचायतींत शिबिरं लावली. मीही एका गावी ठशांचं यंत्र घेऊन गेलो. पारावर टेबल टाकून बसलो. एक आजी अंगठा देताना म्हणाली, "बाबा, तूच आलास व्हय माझ्यासाठी?" चोवीस वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

हयातीचा दाखलासुद्धा २०१४ च्या नोव्हेंबरपासून यंत्रावर देता येतो, आणि आता तर मोबाईलसमोर चेहरा धरला की घरबसल्या होतं. फार काय, भाच्याने आपला भारताचा पासपोर्ट टेक्सासात राहूनच, ह्यूस्टनच्या भारतीय वकिलातीकडून नवा करून घेतला. म्हणजे बघा, भारताचा कागद अमेरिकेत बसून नवा होतो आणि अमेरिकेचा कागद अमेरिकेत बसून होत नाही. आपल्या सरकारी कारभाराला नावं ठेवण्यात माझी उमर गेली. त्याच कारभाराकडे बोट दाखवून अमेरिकेला 'यांच्याकडून शिका' असं सांगायची पाळी येईल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या पासबुकावर संशय घेतला असता.

लोक देवाला साकडं घालतात. हैदराबादजवळ चिलकूरला बालाजीचं देऊळ आहे, त्याला लोक व्हिसा बालाजीच म्हणतात. नवस बोलताना अकरा प्रदक्षिणा, काम झालं की एकशे आठ. आमच्या हिने आक्काला तिथं जायचं सुचवलं. आक्का म्हणाली, "आपली मत्स्योदरी टेकडीवर बसलीय, तिला सोडून तिकडं कशाला?" सुतक फिटल्यावर ती पायऱ्या चढून गेली. काय मागितलं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण देवांनाही माझी विनंती आहे की, हा खात्यांतर्गत विषय आहे. यात नवसापेक्षा अर्ज बरा. तो मी इथं करतो.

अर्ज साधा आहे. शिक्का मारू नका असं नाही, मारा. तपासा, ठसे घ्या, मुलाखत घ्या, शुल्क घ्या. पण ज्याला तुम्हीच घरात राहायची परवानगी दिली आहे, त्याचं हे सगळं घरात असतानाच करा. २०२४ च्या त्या एका महिन्यासारखं. आणि ते होईपर्यंत निदान एवढं करा की, धबधब्यासाठी दिलेली तीस दिवसांची सवलत आईबापांच्या आजारपणाला आणि मरणालाही द्या. तीस नको, पंधरा दिवस पुरे. दहावा आणि तेरावा त्यात बसतो.

नोव्हेंबर उजाडला. पहिल्या कामाच्या दिवशी पेन्शनरांची यादी काउंटरवर आली. दाजी गेल्याचं मीच ऑक्टोबरात रीतसर कळवलं होतं, तरी यादीत त्यांचं नाव होतं. यादीपर्यंत बातमी पोचायला वेळ लागतो. मी त्या नावापुढे लाल पेनाने शेरा मारला. तेवढ्यात फॅमिली पेन्शनचे कागद घेऊन आक्का आली. सोबत मृत्यूचा दाखला, जोड-फोटो, पासबुक. वारसांच्या कागदावर मुलाची सही हवी होती.

"तो तिकडं आहे," आक्का म्हणाली. "सही करायला त्याला इथं यावं लागेल का रे?"

मागे रांग होती. मी फॉर्म उलटापालटा केला, नियम पुन्हा वाचला.

"नाही आक्का," मी म्हणालो. "तिकडच्या आपल्या वकिलातीत सही करून पाठवली तरी चालते. आपल्याकडं तेवढी सोय आहे."